रेडियमची जॅकेटं घेताना आम्ही कसे फसलो, आणि तुम्ही घेताना काय बघा

मी रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे मारायची छोटी कामं घेतो. पोटकंत्राटदार म्हणा. कराडच्या आसपासचे राज्यमार्ग, कधी सांगलीकडं, कधी कोकणात उतरणाऱ्या घाटापर्यंत. वाहतूक कमी असते म्हणून बरंचसं काम रात्रीच चालतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही साठ जॅकेटं घेतली आणि त्यात एका पोराचं मनगट मोडलं. जीव वाचला. हे लिहायला बरेच महिने लागले, कारण चूक फक्त विकणाऱ्याची नव्हती.

डिसेंबर होता. साखर कारखाने सुरू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. रात्री दोनच्या सुमाराला धुकं उतरायला लागलं होतं. कोन लावले होते, झेंडीवाला उभा होता. एक भाजीचा टेंपो ट्रॉलीला ओलांडून पुढं आला आणि आमच्या दोरी धरून बसलेल्या पोराच्या अंगावरच येत होता. त्यानं गटारात उडी टाकली. टेंपोनं कोन आणि रंगाचं एक पोतं उडवलं आणि वीस पावलांवर जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तो थरथर कापत होता. "मालक, ते म्हातारबाबा लांबनंच दिसले वो. ह्यो पोरगा दिसलाच न्हाई."

म्हातारबाबा म्हणजे आमचे तात्या. त्यांनी नवं जॅकेट घेतलंच नव्हतं, दोन वर्षांपूर्वीचं जुनं, डांबराचे डाग पडलेलं घातलं होतं. पोराला दवाखान्यात पाठवल्यावर मुकादमानं सगळ्यांना टेंपोच्या दिव्यांसमोर ओळीनं उभं केलं. तात्यांच्या छातीवरचे पट्टे ट्यूबलाईट लावल्यासारखे पेटले. बाकी सात जणांच्या अंगावरचे नवेकोरे पट्टे राखाडी फडक्यासारखे दिसत होते. कुणी काही बोललं नाही.

आता व्यवहार कसा झाला ते सांगतो, कारण असाच सौदा दुसऱ्या कुणाशी होऊ शकतो.

विक्रेता फोनवर भेटला. "मार्केटला साडेचारशेला आहे, तुम्हाला तीनशे चाळीसला देतो." दोन नमुने कुरिअरनं पाठवले. नमुना खरंच चांगला होता, पट्टी अस्सल होती. सोबत व्हॉट्सॲपवर टेस्ट रिपोर्टची पीडीएफ. साठ नगांचे वीस हजार चारशे, वर जीएसटी, एकूण एकवीस हजार चारशे वीस रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे माल पोचल्यावर. आणि मग तो म्हणाला, "साहेब, पाठीवर तुमच्या फर्मचं नाव फुकट छापून देतो." मला आनंद झाला. तो गळ होता हे नंतर कळलं. मी माल परत घे म्हणालो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य हेच होतं: नाव छापलेला माल परत घेत नाही. शिवाय ते नाव एवढं मोठं छापलं होतं की पाठीवरचा झळाळता पिवळा भाग निम्मा झाकला गेला होता.

गठ्ठे आले तेव्हा मी काय केलं? ऑफिसच्या दारात, दुपारच्या उन्हात एक जॅकेट उलगडलं. पट्टी चांदीसारखी लखलखत होती. नमुन्यापेक्षाही जास्त. मला वाटलं, वा, अजून चांगला माल पाठवला. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी टाकले.

इथंच फसलो. अस्सल पट्टी दिवसा चमकत नाही. ती दिवसा मळकट राखाडीच दिसते. तिच्या पृष्ठभागावर काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात, आणि प्रत्येक मणी समोरून आलेला उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतो. म्हणून गाडीच्या दिव्यांचा उजेड थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं जातो. नुसत्या चांदी रंगाच्या कापडावर पडलेला उजेड इकडं तिकडं सांडतो. दुपारी ते झगमगतं, रात्री काळोखात मिसळतं.

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमचं कामच हे आहे. गरम रंगाचा पट्टा ओढला की तो ओला असतानाच त्यावर काचेचे मणी पेरतात, म्हणून रात्री पट्टा उजळतो. रोज रात्री पोती फोडून मणी टाकणारा माणूस मी. रस्त्याच्या पट्ट्यावर किती मणी पडले ते वाकून बघतो, आणि माणसाच्या छातीवरच्या पट्टीत मणी आहेत का ते बघितलं नाही. हे मला अजून खुपतं.

त्या पहाटे घरी येऊन जॅकेट भिंतीच्या खिळ्याला लावलं, दिवे घालवले, मोबाईलची बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्याला लागूनच धरली आणि मागं मागं सरकलो. बॅटरी डोळ्याजवळ धरणं महत्त्वाचं आहे, कारण उजेड परत तिथंच येतो. हात लांब करून धरली तर अस्सल पट्टीसुद्धा मंद वाटेल. आठ पावलांवर माझं नवं जॅकेट अंधारात गेलं. तात्यांचं जुनं अंगणाच्या पार टोकाला, चिकूच्या झाडाला टांगलं तरी पांढरं फक्क दिसत होतं. मग अंगठ्याच्या नखानं नवी पट्टी खरवडली. नखात चांदीचा रंग भरला आणि खाली साधं करडं कापड निघालं. ते नख घेऊन मी कितीतरी वेळ बसलो होतो.

नंतर टेप घेऊन मोजमाप केलं. लेबलवर ठळक छापलं होतं, आयएसओ २०४७१, क्लास २. हे अशा लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि क्लास म्हणजे कपडा किती उठून दिसतो त्याची पायरी, १ सगळ्यात खालची, ३ सगळ्यात वरची. त्यात क्लास २ ला किमान ०.५० चौरस मीटर झळाळतं कापड आणि ०.१३ चौरस मीटर चमकपट्टी लागते, आणि पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर. म्हणजे पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरली तर एका जॅकेटवर दोन मीटर साठ सेंटिमीटर पट्टी हवी. आमच्या पट्टीची रुंदी जेमतेम दीड इंच, आणि सगळी मिळून लांबी पावणेदोन मीटरसुद्धा नाही. हे मोजायला दोन मिनिटं लागतात. पैसे टाकण्याआधी ती दोन मिनिटं मी काढली नाहीत.

टेस्ट रिपोर्ट नीट वाचला तर तो जॅकेटचा नव्हताच. कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या पट्टीच्या रिळाचा होता. आपल्याकडं या कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे भारतीय मानक आहे. आयएसआयची खूण असली तर तिच्यावर हा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कशाचा ते लगेच दिसतं. आमच्या लेबलवरचा क्रमांक टाकला, तर तो भलत्याच वस्तूच्या कारखान्याचा निघाला.

दुसरी थाप अशी होती: "एकच जॅकेट सगळ्या कामाला चालतं." चालत नाही, आणि यावर जरा सविस्तर लिहितो, कारण अस्सल माल घेऊनही इथं चूक होते.

पिवळं की केशरी हा प्रश्न दिवसाचा आहे. झळाळता रंग उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या उजेडात बदलतो, म्हणून ढगाळ दिवशी, तिन्हीसांजेला तो स्वतःच पेटल्यासारखा वाटतो. गाडीच्या दिव्यात तो खेळ चालत नाही, रात्री सगळी मदार पट्टीवर. दिवसा मात्र मागं काय आहे ते बघा. जेसीबी पिवळा, रोलर पिवळा, आणि त्यांच्यामध्ये पिवळं जॅकेट घातलेला माणूस हरवून जातो. तिथं केशरी बरं. रुळांवर काम करणारे रेल्वेचे लोक केशरी घालतात ते उगाच नाही, झाडोऱ्याच्या हिरव्यात ते उठून दिसतं. गोदामात, आवारात, जिथं गाड्या सावकाश चालतात तिथं साधी बंडी पुरते. आमच्यासारख्यांना, ऐंशीच्या वेगानं गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रात्री बसून काम करणाऱ्यांना, ती पुरत नाही. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर गेलेले असतात.

शिवाय माणूस वाकला, उकिडवा बसला की छातीवरची पट्टी मांडीआड जाते. त्या रात्री पोरगा तसाच बसला होता. म्हणून क्लास ३ मध्ये बाह्यांवर किंवा पायांवरही पट्ट्या असतात. हातपाय हलताना दिसले की ड्रायव्हरला कळतं हा माणूस आहे. नुसता धडावरचा पट्टा कोनासारखाच भासतो.

रंगाच्या बॉयलरवर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो रंग दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, खाली गॅसचा जाळ असतो. पॉलिस्टरची जाळीदार बंडी जाळाजवळ वितळून कातडीला चिकटते. क्रॅश बॅरियरला वेल्डिंग करणाऱ्यालाही तेच. त्यांना आगरोधक कापडाचं, तशाच आगरोधक पट्टीचं जॅकेट हवं. महाग पडतं, पण तिथं काटकसर करू नका. आणि गवत कापायचं यंत्र किंवा फिरतं काही हाताळणाऱ्याला ढगळ, दोऱ्या लोंबणारं काही देऊ नका. ओढ बसताच सुटणारं, वेल्क्रोचं द्या.

धुण्याचंही सांगतो. आमच्याकडं दगडावर आपटून, ब्रशनं घासून धुतात. त्यानं मणी निघून जातात आणि अस्सल पट्टीही मरते. लेबलवर किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकेल ते लिहिलेलं असतं.

पोलिसांत गेलो. पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा म्हणाले, तरी अर्ज देऊन पोच घेतली. बीआयएसच्या ॲपवर खोट्या खुणेची तक्रार टाकली आहे. विक्रेत्याचा नंबर बंद झाला. पैसे आले नाहीत. पोराच्या प्लास्टरचा, औषधांचा आणि दोन महिन्यांच्या पगाराचा खर्च मी केला, तो माझाच होता.

नवी जॅकेटं घेताना मी दुकानदाराला सांगितलं, संध्याकाळी सातनंतर येतो. दुकानामागच्या बोळात अंधारात एकेक जॅकेट टांगून, बॅटरी डोळ्याला लावून तपासली. फक्त नमुना नाही, प्रत्येक गठ्ठ्यातली दोन-दोन. तो वैतागला. पण माल दिला, आणि बिलावर मानकाचा आकडा लिहूनही दिला.

खोटी जॅकेटं ऑफिसच्या कोपऱ्यात पडून होती. कुणी म्हणालं, शेतात घालायला देऊन टाका. द्यायचं मनात आलंही. पण शेतातून घरी येताना अंधार पडतोच, रस्ता ओलांडावा लागतोच, आणि अंगावर पट्टी आहे म्हणून माणूस निर्धास्त चालतो. एका रविवारी मी आणि तात्या कात्री घेऊन बसलो आणि साठच्या साठ जॅकेटांच्या पट्ट्या कापून काढल्या.