आठ महिने स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: ईजीआर पकडतो, पण ग्रॅममध्ये बोलतो

गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या ईएलएम ३२७ चिपची नक्कल आहे, हे घेतानाच कळतं. डिझेल गाडीचा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यावर तपासता येतो का, तेवढंच लिहितो.

सुरुवातीला दोनच स्टार दिले होते. ‘ईजीआर एरर’ सारखी ९९.२ टक्के दाखवायचा. पण तो दोष स्कॅनरचा नाही. व्हॉल्व्ह किती उघडायला सांगितला आणि किती उघडला यातला फरक ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मागणीने भागून ही टक्केवारी काढतात. मागणी शून्य असताना व्हॉल्व्ह जरासा जरी उघडा असला तरी आकडा ९९.२ वर जाऊन बसतो. तो बघून नवा व्हॉल्व्ह आणू नका. (बऱ्याच डिझेल गाड्या हा आकडा देतच नाहीत.)

कामाचा आकडा एमएएफचा, म्हणजे आत येणारी ताजी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. आणि इथेच डोकं फिरतं! मॅन्युअल बोलतं मिलीग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये, हा ग्रॅम प्रति सेकंदात. चार सिलिंडरला ग्रॅम गुणिले ३०,०००, भागिले आरपीएम. म्हणजे ८०० आरपीएमला १० ग्रॅम म्हणजे ३७५ मिलीग्रॅम. दरवेळी कॅल्क्युलेटर. एवढं अ‍ॅपमध्येच द्यायला काय जात होतं?

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. स्क्रीनवर एमएएफ आणि आरपीएम दोनच ठेवा, जास्त डायल लावले की आकडे रेंगाळतात. रेस देऊन सोडा. आयडलला ईजीआर उघडला की ताजी हवा घटते; बऱ्याच गाड्यांत थोड्या वेळाने ईसीयू तो बंद करतो आणि आकडा चढतो. दीड लिटरच्या इंजिनात साधारण अडीचशे मिलीग्रॅमवरून चारशेच्या आसपास.

आकडा वरच अडकला आणि पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा कोड) आला, तर व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा कूलर, मॅनिफोल्डचं तोंड काजळीने बुजलंय. नुसता व्हॉल्व्ह बदलून कोड परत येतो तो यामुळेच. खालीच अडकला आणि काळा धूर असेल तर व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. तरी चढला नाही तर व्हॉल्व्ह आणि पाइपच्या मध्ये चाचणीपुरता पत्रा घाला. आता चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. नाहीच चढला तर एमएएफ मळलाय, नाहीतर त्याच्यापासून इंजिनकडे जाणारा होज फाटलाय. पत्रा आठवणीने काढा.

साफ करताना क्लीनर मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका, गॅस्केट नवंच घाला. नंतरचं अ‍ॅडाप्टेशन (ईसीयूला व्हॉल्व्हची जागा नव्याने शिकवणं) मात्र याच्याने होत नाही, त्यासाठी मोठा स्कॅनर लागतो. आणि गाडीच्या पोर्टमध्ये स्कॅनर कायम लावून ठेवलात तर बॅटरी उतरते.

आता साडेतीन स्टार. अर्धा त्या ग्रॅमपायी कापला.