बोंडल्याला द्यायचं, तर हयातीत की मृत्युपत्रात?

लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या गोंयकाराने आपली सगळी मालमत्ता बोंडल्याच्या प्राणीसंग्रहालयाला द्यायची ठरवली, तरी ती देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाचा सल्ला घेण्याआधी फोंड्या-डिचोलीतल्या माणसाने एवढं समजून घ्यावं. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि 2012 च्या गोवा कायद्यात नव्याने मांडलेला आपला वारसाहक्क वेगळा हिशेब करतो. लग्नाआधी निराळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. अर्धी तिची, अर्धी त्याची. त्याच्या अर्ध्यातला पुन्हा अर्धा मुलांसाठी राखीव, त्यातही मुलगा-मुलगी सारखेच. दोघांचं मिळून 1 कोटी असेल, तर एकट्याच्या मृत्युपत्रातून बाहेर देण्याजोगे 25 लाख उरतात. मुलं-नातवंडं नाहीत आणि आई-वडील, आजी-आजोबाही हयात नाहीत, त्याचा स्वतःचा अर्धा भाग मात्र पूर्ण मोकळा.

हयातीत थोडं थोडं

दत्तक योजना हा सगळ्यात सोपा मार्ग. ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याच्या आहाराचा खर्च आपण उचलतो. प्राणी आपला होत नाही. पाटीवर नाव आणि हातात प्रमाणपत्र, एवढंच. 1892 पासून चालत आलेल्या म्हैसूरच्या प्राणीसंग्रहालयात ही योजना चांगली रुजली आहे. याचा मोठा फायदा असा की पैसा कुठे जातो ते आपल्या डोळ्यांनी दिसतं, आणि मन उठलं तर पुढच्या वर्षी थांबता येतं.

करसवलत मात्र गृहीत धरू नका. 80जी या नावाने सगळ्यांना माहीत असलेली सूट नव्या कररचनेत मिळत नाही. जुन्या रचनेतही घेणाऱ्या संस्थेला मान्यता हवी आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही.

चेक कुणाच्या नावाने काढायचा, हेही आधी विचारा. 8 चौरस किलोमीटरच्या बोंडला अभयारण्यातलं प्राणीसंग्रहालय थेट वनखात्याचं आहे, कात्रजचं पुणे महापालिकेचं, तर म्हैसूरचं कर्नाटकच्या स्वतंत्र प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाकडे. खात्याला दिलेला पैसा पिंजऱ्यापर्यंत पोचेल की सरकारी तिजोरीत मिसळेल, याचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

मृत्युपत्रातून

इथे हातचं काही जात नाही. आजारपण आलं, विचार बदलला, तर मृत्युपत्र रद्द करता येतं. परदेशात लोक वारसाकर वाचवायला अशी देणगी ठेवतात. आपल्याकडे तो कर 1985 मध्येच गेला, त्यामुळे ते आमिष नाही.

घरी कागद लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की महाराष्ट्रात भागतं. गोव्यात तसं चालत नाही, विशेष नोटरीसमोर, म्हणजे मृत्युपत्रं नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, जावंच लागतं. आणि मुख्य म्हणजे ‘घरातला माझा वाटा प्राणीसंग्रहालयाला’ असं कधीही लिहू नका. त्या घरात मुलगा-सून राहत असतात, कुळागराची, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेची, वाटणी आधीच भावांमध्ये अडकलेली असते आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा, कोर्टातला दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो. असल्या घराचा चौथा हिस्सा घेऊन वनखातं करणार काय? त्यापेक्षा ठराविक रक्कम लिहावी, तीही मोकळ्या हिश्शात बसेल इतकीच. एका बिबट्याच्या नावाने देणगी ठेवण्याचाही मोह टाळावा. पिंजऱ्यातला बिबट्या साधारण वीसेक वर्षं जगतो. तुमचं मृत्युपत्र उघडेल तेव्हा तो असेलच असं नाही. ‘प्राण्यांचा आहार व औषधोपचार’ हे शब्द पुरेसे सैल आणि पुरेसे पक्के आहेत. संस्था बंद झाली तर रक्कम कुणाला, तेही पुढच्याच ओळीत लिहावं.

जमीन आजच बक्षीस, उपभोग मरेपर्यंत आपला

ऐकायला छान, पण मी कुणाला सुचवणार नाही. जोडीदाराची संमती लागते, दिलेलं परत घेणं अवघड, जमिनीवर 80जी लागू नाही. शिवाय राखीव हिश्शाला धक्का लागला असेल, तर वारस तुमच्या मागे ते बक्षीस कमी करून घेऊ शकतात.

साठीच्या आतल्या माणसाने सध्या दत्तक योजनेवर भागवावं. त्यापुढच्याने दत्तक चालू ठेवून मृत्युपत्रात एक रक्कम घालावी, आणि मुलांना ती आजच सांगावी. नंतर नोटरीच्या वहीत पहिल्यांदा वाचून भांडणं पेटतात.

राहिला नॉमिनीचा प्रश्न. ठेवीवर किंवा शेअर्सवर नॉमिनी लावला की दान झालं, असा समज बराच पसरला आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वारसांनी मागितले तर त्यांचे त्यांना द्यावे लागतात.