सिव्हिल जज्जच्या परीक्षेचा फोंड्यातला रविवारचा क्लास

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणाऱ्या गोव्यातल्या तरुण वकिलांसाठी हे लिहितेय. फोंड्यात एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आपल्या घरी, वरच्या मजल्यावर शिकवतात. आधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता. तिथे कलमं चांगली पाठ झाली, पण गोव्याच्या वारसा कायद्याचं नावही निघालं नाही.

सर सुरुवातच तिथून करतात. नवरा वारला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी, मृत्युपत्र नाही, लग्नाआधीचा करार नाही. वाटे करा! बऱ्याच जणांनी सरळ चार भाग केले. सरांनी वह्या परत दिल्या. आपल्याकडे मिळकत नवरा-बायको दोघांची, म्हणून बायकोचा अर्धा वाटा आधी बाजूला. उरलेल्या अर्ध्यात तिन्ही मुलं, म्हणजे प्रत्येकाला एक षष्ठांश, आणि लग्न झालेल्या मुलीलाही तेवढाच. गोव्याचा 2012 चा हा वारसा कायदा त्यांनी असा उदाहरणांतून सोडवून घेतला, त्यामुळे तो डोक्यात पक्का बसला.

मला सगळ्यात आवडला तो साक्ष नोंदवायचा सराव. एकजण साक्षीदार होऊन कोंकणीत बोलतो, दुसऱ्याने ऐकता ऐकता इंग्रजीत डिक्टेशन द्यायचं. साक्षीदार जे बोललाच नाही ते वाक्य शोभून दिसावं म्हणून घातलं, की सर तिथेच थांबवतात. खालच्या कोर्टात जे टिपलं जातं त्याच्यावरच पुढे अपील चालतं, हे ते कळकळीने सांगतात.

नोकरीबद्दलही ते आडपडदा ठेवत नाहीत. काणकोण किंवा वाळपईसारख्या ठिकाणी पोस्टिंग मिळालं, की दिवाणी दावे तुमचेच आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून रिमांडही तुमच्याचकडे. दिवसभर बोर्ड, म्हणजे त्या दिवशी लागलेली प्रकरणं, रात्री घरी निकालपत्रं. बढती मिळत जाते, पण जुने मित्र वकील असले तर त्यांच्याबरोबर चहाला बसतानाही विचार करावा लागतो. हे ऐकून एक मुलगा क्लास सोडून गेला. मला वाटतं, परीक्षेआधीच कळलं हे बरं झालं.

उणीव एकच: नोट्समध्ये अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम क्रमांक आहेत. तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झालीय, तेव्हा नवे क्रमांक आपले आपण घालून घ्या.

नुकतंच एलएलबी झालेल्यांना सर घेत नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, म्हणून ते त्यांना आधी कोर्टात उभे राहायला पाठवतात. जागा थोड्या असतात, आधी फोन करूनच जा.