गंजलेले नटबोल्ट आणि स्प्रे : मांद्र्यात पावसाळाभर वापरल्यावर

आमचं घर मांद्र्याला, समुद्राच्या अगदी जवळ. खारा वारा आणि त्यावर जून ते सप्टेंबरचा पाऊस, त्यामुळे लोखंड इथे फार दिवस धड राहत नाही. विहिरीवरचा पंप, फाटकाच्या बिजागऱ्या, स्कूटर, खिडक्या, सगळीकडे दोन स्प्रे आलटून पालटून वापरले. एक नेहमीचा डब्ल्यूडी-४० आणि दुसरा जाम नटांसाठी वेगळा मिळणारा पेनिट्रेटिंग स्प्रे.

डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनला. १९५३ साली अमेरिकेत, सॅन दिएगोला, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं कवच गंजू नये म्हणून. हे ध्यानात ठेवलं की त्याच्याकडून किती अपेक्षा करायची ते कळतं. भिजलेलं कुलूप, कुरकुरणारी बिजागरी, वरवर तांबूस झालेला स्क्रू यांना तो छान. वर्षानुवर्षं चिकटून बसलेल्या नटासाठी मी दुसराच उचलतो. त्याच कंपनीचाही वेगळा पेनिट्रंट मिळतो, यातच काय ते आलं.

खरी परीक्षा पंपाच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या चकतीवर झाली. नटांचे कोपरे आधीच्या कुणीतरी फिक्स पान्याने गोल करून ठेवलेले, आट्यांवर गंजाचे पापुद्रे. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो फुगून बसतो आणि वरून मारलेलं तेल आत शिरायला वाटच उरत नाही. त्यामुळे आधी तारेचा ब्रश, मग स्प्रे, मग नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून खेचलं जातं. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी पुन्हा. मग सहाकोनी गोटी (सॉकेट पाना) लावून आधी केसभर आवळायचा आणि नंतर सोडायचा. कट्ट असा आवाज आला आणि आट्यांतून विटकरी रंगाचं तेल पाझरलं. तिथे हर्षवायू होऊन एका दमात फिरवू नका. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मध्ये पुन्हा तेल. नाहीतर बोल्ट मानेतच तुटतो.

डब्यावर लिहिलेली ‘काही मिनिटांत’ ही भाषा सोडून द्या. रात्रभर मुरू दिलं तर होडीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याचं साधं डिझेलही पातळ गंजावर जवळपास तेवढंच काम करतं. घाई असेल तेव्हाच स्प्रेचे जादा पैसे वसूल होतात.

स्कूटरच्या सायलेन्सरच्या नटांवर मात्र दोन्ही फुकट. पेडण्याच्या मेकॅनिकने स्प्रे नीट पुसून काढला, गॅसच्या ज्योतीने नट तापवला आणि सहज सोडवला. पुसणं महत्त्वाचं, कारण हे तेल आणि डब्यातला गॅस दोन्ही पेट घेतात. आणि ब्रेकच्या आसपास हे मारूच नका, ब्रेक शूला तेल लागलं की गाडी थांबायची नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत स्टेनलेसचे स्क्रू असतील तर अडचण निराळी. खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. इथे तेलाने थोडीफारच मदत होते. आमचे दोन-तीन स्क्रू शेवटी ड्रिलनेच काढावे लागले. नवे बसवताना आट्यांना ग्रीस चोपडलंय.

स्प्रेबद्दल तक्रार एकच. वाऱ्यात निम्मा माल हवेत जातो, लाल नळी लावली तरी. पुढच्या वेळी पेनिट्रेटिंग तेल सुट्या डब्यात घेणार आणि जुन्या ऑइल कॅनने थेंब थेंब घालणार.