बोगनवेलीसाठी वेल्डिंगचे हातमोजे

बागकामाचे म्हणून मिळणारे फुलाफुलांचे कापडी मोजे माझ्याकडे दोन जोड आहेत. बोगनवेलीच्या काट्यापुढे ते असून नसल्यासारखे.

गेल्या श्रावणात गेटवरची वेल छाटताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरात काटा घुसला. सुईने उकरून काढला, हळद दाबली, विसरले. दिवाळीत सोऱ्या फिरवायला घेतला तर बोट मिटेना. आधी संधिवाताच्या गोळ्या झाल्या. एक्स-रे स्वच्छ; काट्याचा तुकडा त्यात सहसा दिसतच नाही म्हणे. शेवटी हाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, काटा अख्खा निघाला होता का?" सोनोग्राफीत टोक सापडलं. ते काढलं, सांध्यातलं पाणी तपासायला गेलं आणि रिपोर्टात नाव आलं: पँटोइया अ‍ॅग्लोमेरन्स. जंतू मुळात झाडांचा. पानांवर, बियांवर, मातीत निमूट राहतो. परदेशात सफरचंद-नासपतीच्या फायर ब्लाइट रोगावर त्याचे काही प्रकार मुद्दाम फवारतातसुद्धा! माणसाच्या अंगात शिरायला मात्र त्याला वाट लागते, काट्याची नाहीतर सलाइनच्या नळीची. त्यातून मला मधुमेह.

तर मोजे. बोहरी आळीत घेतले, बिनानावाचे, अडीचशेला जोडी. "ताई, हे वेल्डिंगचे आहेत, बागेचे नाहीत," दुकानदार म्हणाला. म्हटलं, तेच हवेत. जाड चामडं, आत सुती अस्तर, लांबी जवळजवळ कोपरापर्यंत. तीन छाटण्या झाल्या, तळव्यातून एकही काटा आत आलेला नाही. अंगठ्याजवळच्या शिवणीतून एकदा टोचलं, पण रक्त नाही. विकत घेताना ती शिवण दुहेरी आहे ना, एवढं बघाच.

माप एकच, पुरुषी. माझी बोटं आत खुळखुळतात. कात्री धरता येते, सुतळीची गाठ मारता येत नाही. मग मोजा काढायचा मोह होतो, आणि तिथेच घात. मी आता गाठी मारायचं काम ह्यांच्याकडे दिलंय, वेलीपासून चार हात लांब उभं करून. पावसात भिजले की वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. पहिला आठवडाभर कच्च्या चामड्याचा वासही येतो, म्हणून आमचे जिन्याखाली असतात.

गुलाबाला, लिंबालाही हेच वापरते. कुंडीतल्या नाजूक कामाला निरुपयोगी. पाचपैकी चार. आणि घालण्याआधी उलटे करून झटका, आमच्या डाव्या मोज्यातून एकदा पाल निघाली.