फुकटात आलेली जुनी गाडी: ढकलत चालवावी, नीट करून घ्यावी की भंगारात द्यावी?

नात्यातलं कुणीतरी मुलाकडे परदेशी निघालेलं असतं. सोसायटीच्या भिंतीलगत त्यांची दहा-पंधरा वर्षांची अल्टो किंवा सँट्रो दोन पावसाळे उभी असते आणि निरोप येतो, ‘घेऊन जा, पैसे नकोत.’ गाडी फुकट मिळते हे खरं. पण मुंबईत खरा खर्च गाडी उभी करण्याचा आणि कागदांचा. मिस्त्रीचं बिल त्याच्यानंतर.

वाटा तीन. एक, अडेल तेवढंच काम करून ढकलत राहायचं. दोन, एकदाच हात सैल सोडून पुढच्या पाच वर्षांची सोय करायची. तीन, गाडी अधिकृत भंगार केंद्रात देऊन टॅक्सी-रिक्षा पकडायची. यातली कुठली आपली, हे ठरवायला इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका. आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघा, मग पत्रा. त्यात गाडी नापास झाली तर पहिल्या दोन वाटांचा विचारच नको.

कागद

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी हे शुल्क 5,000 रुपये आहे. 20 वर्षं उलटलेल्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते 10,000 झालं. मुदत चुकवली तर केंद्रीय नियमांत महिन्याला 500 रुपये जादा, म्हणजे दोन वर्षं विसरलेल्या आरसीचे नुसते उशिराचेच 12,000. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. दिल्ली परिसराचे 10 आणि 15 वर्षांचे नियम मुंबईला लागू नाहीत, तेव्हा ‘पंधरा झाली की संपलं’ असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरची) पाटी लागते. महाराष्ट्रात मोटारीचा दर 745 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 879. थर्ड पार्टी विमा 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये (जून 2022 चे दर), वर 18 टक्के जीएसटी. म्हणून 796 सीसीची अल्टो आणि 1086 सीसीची सँट्रो एकाच सोसायटीतून फुकट मिळत असतील, तर इतर गोष्टी सारख्या असताना अल्टो घ्या. दरवर्षी दीड हजार वाचतात आणि सुट्या भागांना कुठेही तोटा नाही.

गाडी नावावर करून घेणं टाळू नका. फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (ना-हरकत दाखला), मूळ मालक हयात नसेल तर फॉर्म 31. ‘घरातलीच तर आहे’ म्हणून तशीच वापरली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ज्या काकांनी मायेनं गाडी दिली त्यांनाच नोटीस जायची. गाडीवरची थकलेली ई-चलनंही किल्ली घेण्याआधी तपासा.

पत्रा

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गाडी इंजिनानं मरण्याआधी पत्र्यानं मरते. तपासायला एक स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. चारही मॅट काढा, कार्पेट उचला आणि फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर खाली गंज. मग बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲबसॉर्बरचा वरचा माथा जिथे बॉडीला बसतो ती वाटी बघा. गाडीखाली वाकून दाराखालचा उंबरा, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बॉडीला धरतात ती जागा चाचपा.

फ्लोअरला भोक असेल तर पत्र्याचा ठिगळ मारून वेल्डिंग होतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण शॉकॲबसॉर्बरची वाटी किंवा सस्पेन्शनची पकड कुजली असेल, तर तिथे वेल्डिंग करून चालवणं म्हणजे एखाद्या खड्ड्यात चाक आडवं होण्याची वाट बघणं. अशी गाडी भंगारातच.

कार्पेट ओलं लागलं तर गंजाआधी पाण्याची वाट शोधा. वायपरखालच्या जाळीत पानं साचून निचरा तुंबलेला असतो आणि पाणी पायाशी उतरतं. जाळी साफ करायला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास, पण तेवढं न केल्यामुळे कुजलेल्या गाड्या ढिगानं आहेत.

टॅक्सीशी हिशेब

ढकलत चालवण्याची तुलना नव्या गाडीशी करू नका, टॅक्सीशी करा. काळी-पिवळीचं भाडं फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे किलोमीटरला 20.66 आहे. महिन्याला 200 किलोमीटर धरले तर टॅक्सीचे वर्षाला साधारण 49,500 होतात. वर्षाच्या तेवढ्याच 2,400 किलोमीटरला जुनी गाडी मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला 12 दिली तरी 200 लिटर पेट्रोल लागतं. 103-104 च्या भावानं 20,700 रुपये. त्यात विम्याचे 2,471 मिळवा. टॅक्सीच्या तुलनेत हातात उरतात सव्वीस हजार, आणि दुरुस्ती, पीयूसी, पार्किंग सगळं त्यातच बसवायचं.

आता पार्किंग. सोसायटीत हक्काची जागा असेल तर सव्वीस हजारांत छोटी गाडी वर्षभर मजेत चालते. बाहेर महिना 1,500 मोजावे लागत असतील तर 18,000 तिथेच गेले आणि दुरुस्तीला आठ हजार उरले. अशी भाड्याची जागा आणि महिन्याला वापर 100 किलोमीटरच असेल तर टॅक्सीच स्वस्त, यात वाद नाही. उलट ठाणे-वाशी-मीरारोडकडे वरचेवर जाणं असेल तर गाडीचं पारडं जड होतं, कारण ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही.

ढकलायची, पण कशी

किमान दुरुस्ती म्हणजे आज जे मोडलं ते आज करायचं, असं बहुतेकांना वाटतं. त्यानंच गाडी महाग पडते. किमान दुरुस्तीत खर्चाचा क्रम ठरलेला असतो: गाडी थांबली पाहिजे, गार राहिली पाहिजे, पावसात दिसलं पाहिजे. बाकीच्याला ‘नंतर बघू’ म्हणायला शिका.

वर्षभर उभ्या गाडीला एकदम सेल मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं आणि पाणी तळाशी बसतं. जुन्या गाड्यांचे रबरी फ्युएल पाइप या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते बोटानं दाबून बघा, मऊ पडलेले किंवा चिरलेले असतील तर क्लॅम्पसकट बदला. गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळत असेल तर दुरुस्तीला एक दिवसही थांबायचं नाही. फिल्टर नवा टाका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लगविनाच काही सेकंद इंजिन फिरवा, मग प्लग लावून चालू करा. वायरिंगवरून एकदा नजर फिरवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीपायी सेन्सर बदलत बसणारे कमी नाहीत.

ब्रेक: पेडल जोर देऊन अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओलं असेल तर किट किंवा अख्खा सिलिंडर बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तेव्हा पूर्ण काढून डॉट 3 किंवा डॉट 4, टोपणावर जे लिहिलं असेल ते, भरा आणि चारही चाकांतून एअर काढून घ्या. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, ड्रम चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

टायरवर चार आकडी तारीख असते. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला भेगा असतील तर टायर गेला समजा. अल्टोचा 145/80 आर 12 सहज मिळतो.

गार राहण्याच्या बाबतीत जरा वेळ घालवा, कारण जुनं इंजिन संपतं ते इथेच. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढा. आत चहाच्या रंगाचं गंजकं पाणी दिसलं तर आजवर नळाचं पाणी टाकलं गेलंय. ते काढून रेडिएटर धुवा आणि डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून कूलंट भरा. छोट्या गाडीत ते साडेतीन-चार लिटर बसतं. झाकण लावून गाडी जागेवर चालू ठेवा. वीसेक मिनिटांत रेडिएटरचा फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळानं आपोआप बंद झाला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. काटा वर गेला तरी फॅन गप्प असेल तर आधी फ्यूज, रिले, सेन्सर बघा, मोटर त्यानंतर. फॅन फिरतोय, पाणी भरलंय, तरी गाडी हीट होते आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तेव्हा हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की तिथे वाफ साचते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर खरा घोळ.

दोन जुगाड टाळा. गळका रेडिएटर बंद करायला हळद टाकतात. भोक बुजतं, पण बारीक नळ्याही बुजतात. आणि ‘मुंबईत कशाला लागतो’ म्हणत थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. मग इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

एसीवर पैसे घालू नका, पण ब्लोअर चालू हवा. एसी नसलेल्या गाडीत जुलैच्या पावसात काच आतून धुरकट होते. ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून काचेकडे वळवला नाही तर समोरचं दिसत नाही. वायपरचे रबर दरवर्षी मेमध्ये बदला.

डेंटिंग-पेंटिंग, पॉवर विंडो, खड्ड्यात येणारा लिंक रॉडचा खडखडाट, हलकी ऑइल गळती हे सगळं राहू द्या. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणारी गाडी वर टाकत टाकत बरीच चालते. दर रविवारी डिपस्टिक बघणं आलंच. खडखडाट बॉल जॉइंटचा (चाक सस्पेन्शनला धरणाऱ्या सांध्याचा) असेल तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

मोठं काम कधी परवडतं

पत्रा खणखणीत, आरसी पाच वर्षांची नूतनीकरण झालेली, घरची पार्किंग आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं, हे चारही जुळले तरच. कॉम्प्रेशन गेजनं तिन्ही-चारही सिलिंडर मोजायला सांगा. एखादा बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांहून खाली असेल तर मोठ्या कामात पडू नका. चांगलं असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदला, मजुरी एकदाच लागते. क्लचची परीक्षा सोपी: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. बंद न पडता फिरतच राहिलं तर प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही घाला.

हाफ इंजिनचं काम या गाडीत कधीच करू नका. बोअर, पिस्टन, रिंग धरून जो आकडा येतो त्यात दुसरी जुनी पण धडधाकट गाडी मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेलं इंजिन मिळतं, पण इंजिन नंबर बदलला की आरसीवर आरटीओची नोंद लागते. पक्कं बिल नसलेलं इंजिन घेऊ नका. बंपर, आरसे, हेडलाइट, दारं यांच्यासाठी मात्र तोच बाजार उत्तम. आणि गंजलेल्या डिकीत सीएनजीची जड टाकी बसवायचा सल्ला कोणी दिलाच, तर त्याला दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टची (टाकीच्या दाब-चाचणीची) आठवण करून द्या.

भंगार

गल्लीतल्या भंगारवाल्याला रोख घेऊन देऊ नका. गाडी कापली तरी आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि नोंदणी रद्द होते. हे प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि करातही सवलत मिळते. पुढच्या वर्षभरात नवी घ्यायचीच असेल, तर जुन्या फुकट गाडीचा सगळ्यात फायदेशीर उपयोग हाच. देण्याआधी गेल्याच वर्षी घेतलेली बॅटरी किंवा नवे टायर असतील तर भाव त्यांच्यासकट आणि त्यांच्याविना असा दोन्ही विचारा, फास्टॅग बंद करा आणि प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय विमा रद्द करू नका.