सिनसिअर, मेण आणि बोरमाळ: शब्दवर्गाला ५ पैकी ३ स्टार

सराफ बाजारात आमचं दुकान आहे. सुट्टीत येणारी परदेशातली सूनबाई इंग्रजीत भाव विचारते आणि मी नुसता मान हलवतो, म्हणून कॉलेज रोडवर इंग्रजी शब्दांची मुळं शिकवणारा ८ शनिवारांचा वर्ग लावला. फी १,८०० रुपये. एक शनिवार बुडला, तो माझ्यामुळे. नाशकात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पुराचं पाणी लागलं की आम्ही माल माडीवर चढवतो, तेव्हा लॅटिन सुचत नाही.

सर बोलतात झकास. 'कँडिड' हा लॅटिन 'कँडिडस'मधून आला, म्हणजे लख्ख पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने पांढरा केलेला झगा घालायचा, म्हणून तो 'कँडिडेट'. आता हे मी जन्मात विसरणार नाही.

घोळ तिसऱ्या शनिवारी झाला. 'सिनसिअर' म्हणजे म्हणे 'सिने सेरा', मेणाशिवाय. लबाड मूर्तिकार संगमरवराच्या चिरा मेणाने बुजवायचे, सचोटीचा बुजवत नसे. मला तर लगेच पटलं! जुनी बोरमाळ मोडीला आली की मणी तापवून आतली लाख काढायची, मगच सोनं तोलायचं, हे आमचं रोजचं. दोन दिवस गिऱ्हाइकांना हीच गोष्ट ऐकवली.

मग पुतणीने शब्दकोश उघडला. मेणाच्या गोष्टीला पुरावाच नाही. मूळ शब्द 'सिन्सेरस', म्हणजे स्वच्छ, भेसळ नसलेला. त्याचे बहुधा दोन तुकडे: पहिला 'एक' या अर्थाचा, तोच 'सिंपल'मध्येही आहे, दुसरा वाढण्याचा. थोडक्यात, एकाच वाणाचं वाढलेलं. १६व्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा माणसांइतकाच वस्तूंनाही लागायचा. अहो, म्हणजे आपला 'निखळ'च की! सोन्यालाही चालतो, हसण्यालाही.

सरांना विचारलं, तर म्हणाले, "काका, गोष्ट लक्षात राहिली ना, मग झालं." हे काही मला झेपलं नाही. उद्या मी लाखेसकट वजन लावलं तर?

नोट्सचं अक्षर बारीक, त्यात मेण अजून तसंच आहे. गाडी लावायला जागा नाही. चहा मात्र आल्याचा, दोनदा मिळतो.

दिवाळीनंतरच्या वर्गाला नाव दिलंय. या वेळी पुतणीलाही नेणार आहे, शब्दकोशासकट.